जीन कूपर यांच्याबद्दल

मालिकेतल्या नटीसाठी एवढं दुःख कशाला, असं विचारणाऱ्यांनी जीन कूपर यांचं काम पाहायला हवं होतं. १९७३ पासून ८ मे २०१३ रोजी जाईपर्यंत, जवळजवळ ४० वर्षं, ‘द यंग अँड द रेस्टलेस’ या अमेरिकन टीव्ही मालिकेतली कॅथरिन चान्सलर म्हणजे त्याच. १९८४ मध्ये तर त्यांनी स्वतःच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या घालवण्याच्या खऱ्या शस्त्रक्रियेचं चित्रण कथानकात दाखवू दिलं! वय लपवण्यासाठी जीव टाकणाऱ्या व्यवसायात केवढं हे धाडस. सर्वोत्तम अभिनेत्रीचा डेटाइम एमी, म्हणजे दिवसा दाखवल्या जाणाऱ्या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमांसाठीचा पुरस्कार, मात्र मिळाला थेट २००८ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर. याची मला अजून चीड येते. दारूशी झगडणारी, फटकळ, तरी मायाळू कॅथरिन रोज दुपारी लोकांच्या घरात यायची. ती गेल्यावर माणसं रडणारच.