मुलांच्या काळजीवर 'देवाला सांग' हे उत्तर पुरतं का?

रंकाळावेस_आई
जुलै लागला की आमची धाकटी दात घासायच्या आधी विचारते, "आज बंधाऱ्यावर किती?" म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका हे तिला पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ आहे. २०१९ आणि २०२१, दोन्ही साली पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. २०२१ ला फ्रिज, गाद्या, तांदळाचा डबा माळ्यावर चढताना तिनं स्वतः बघितलंय. तेव्हापासून पावसाचा जोर वाढला की ती झोपत नाही.

मी तिला रात्री देवापुढे बसवते आणि भीती तोंडानं बोलायला लावते. "अंबाबाई, मला पाण्याची भीती वाटते." एवढंच. 'पाणी आलं नाही तर पेढे' असला सौदा करू देत नाही. बोलून झालं की झोपते. घरातलेच काही म्हणतात, पोरीला दैववादी करतेस. मला तसं वाटत नाही. तुम्ही काय करता?

बिनखांबी
ताई, पोरगी झोपते ती देवामुळं नव्हे, तुम्ही शेजारी बसता म्हणून. ते श्रेय देवाला कशाला देताय? उद्या पाणी ४३ च्या वर गेलं, तर ती म्हणणार, 'मी नीट सांगितलं नाही म्हणून आलं.' आधी नुसती भीती होती, आता वर अपराधीपणा. आणि हे शाहूंचं गाव आहे, विवेकवादी कॉम्रेड गोविंद पानसरे अण्णांचं गाव आहे. इथं तरी पोरांना धरणाचा विसर्ग आणि पाऊस यांचं गणित समजावून सांगा की!

पेठेतला_गडी
@बिनखांबी भावा, प्रत्येक वादात शाहू महाराजांना पुढं करायचं थांबवा. पुरोहितांनी महाराजांना वेदमंत्रांचा अधिकार नाकारला, त्या वेदोक्त प्रकरणानंतर महाराजांनी १९२० ला क्षात्रजगद्गुरू पीठ, म्हणजे मराठ्यांचं स्वतःचं धर्मपीठ काढलं. मधला मक्तेदार हटवला, देव बंद केला नाही. ह्या ताई तेच करतायत की, पोरगी आणि अंबाबाई, मधे कोण नाही.

वाडीची_माहेरवाशीण
माझं माहेर नरसोबाची वाडी. आमच्याकडं पाणी वाढलं की मुलं घाबरत नाहीत, दक्षिणद्वाराची वाट बघतात. नदीचं पाणी देवळात शिरतं, पादुकांवरनं दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं आणि लोक त्यात आंघोळीला उभे राहतात. माझ्या आजीनं आम्हाला शिकवलं, कृष्णामाई देवाला भेटायला आलीय. पुराची भीती मनात बसलीच नाही. लहानपणी शिकवलं तर हे होतं, मोठेपणी नाही.

सुतारवाडा
काकी, राग मानू नका, पण सोहळा वाडीत आणि चिखल आमच्या घरात. कोल्हापुरात दरवर्षी पहिलं पाणी आमच्या सुतारवाड्यात येतंय. पोरांची वह्या-पुस्तकं भिजली, की 'माई भेटायला आली' म्हणून कोण ऐकून घेणार? आणि वाडीतसुद्धा पाणी वाढलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात हलवत्यातच न्हवं? मग विश्वास कुठं गेला? देवाला उचलायला माणसंच लागत्यात.

वाडीची_माहेरवाशीण
उचलणारे पुजारी नास्तिक नसतात रे बाळा. विश्वास आहे म्हणूनच पाण्यात उतरून मूर्ती उचलतात. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' म्हणत बसलेला एक तरी वाडीत दाखव.

पाचवी_ब
मी प्राथमिक शिक्षिका. स्कॉलरशिपच्या परीक्षेला निम्मी मुलं अंबाबाईच्या पायाशी लावलेलं पेन घेऊन येतात. त्याला माझी हरकत नाही. एका मुलाचं ते पेन वर्गाबाहेरच्या गटारात पडलं. दुसरं दिलं, तर हातच धरेना. पेपर येत होता, तरी पहिला अर्धा तास गेला. विश्वास वस्तूला चिकटला की असं होतं.

दुसरं जास्त महत्त्वाचं. हेच पालक एरवी सांगतात, 'खोटं बोललास तर देव बघतोय', 'जेवला नाहीस तर देव कान कापेल'. सहा दिवस पोलीस म्हणून उभा केलेला देव सातव्या दिवशी जवळचा कसा वाटेल? मुलाला विश्वास शिकवायचा असेल तर आधी ही धमकी बंद करा. माझ्या अनुभवात ती देवभोळ्या घरांपेक्षा देवाचं विशेष काही न करणाऱ्या घरांतच जास्त ऐकू येते, हे एक गंमतशीर.

संडेस्कूल_ताई
आम्ही ख्रिस्ती. चर्चमध्ये लहान मुलांना हेच शिकवतो, काळजी मनात ठेवू नका, प्रार्थनेत बोला. पण आमच्यातही एक खोट आहे. मूल म्हणालं, 'प्रार्थना केली तरी भीती वाटतेय', की मोठे म्हणतात, 'तुझा विश्वास कमी पडला.' तिथं @बिनखांबी यांचं म्हणणं मला पटतं. भीती राहिली तर राहू दे, उद्या परत बोल, असं म्हणणारे फार कमी.

रंकाळावेस_आई
@बिनखांबी, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. 'पाणी आलं तर?' हे तिनं मला विचारून झालंय. मी म्हटलं, आलं तर आपण आत्याकडं उजळाईवाडीला जाऊ, तिथं पाणी चढत नाही. देव पाणी अडवेल असं मी तिला एकदाही सांगितलेलं नाही. आणि विसर्गाचं गणित तिला येतं हो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले ते तीच मला सांगते. गणित येतं म्हणूनच झोप येत नाही.

बिनखांबी
मग देव मधे कशाला? आत्याचं घर आहे ते पुरे. आधी तिच्याकडनं बॅग भरून घ्या, हाताला काम मिळालं की भीती निम्मी होते. उरली तर सांगा तुमच्या अंबाबाईला.

रंकाळावेस_आई
आमच्याकडं क्रम उलटा चालतो. भेदरलेली असते तेव्हा तिला चेनसुद्धा लावता येत नाही. आधी बोलते, मग भरते.

सुतारवाडा
बॅगेत काय काय घालता ते तरी लिहा. गेल्या खेपेला आमच्याकडं रेशनकार्ड आलं आणि पोराचं दप्तर राहिलं.