मारामारीच्या कॅम्पेनसाठी कॅरेक्टर बांधताना फक्त डॅमेजच बघायचं का?

निळा_फासा

पुढच्या महिन्यात आमची नवी कॅम्पेन (बऱ्याच बैठका चालणारी मोहीम) सुरू होतेय. डी अँड डी (आपापलं पात्र घेऊन टेबलवर फाशांनी खेळायचा खेळ), फिफ्थ एडिशन, २०१४ ची पुस्तकं, सुरुवातच पाचव्या लेव्हलपासून. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) आधीच बजावलंय की दरबार, कटकारस्थानं वगैरे काही मिळणार नाही. भुयारं, ओसाड गढ्या आणि मारामारी. हे ऐकल्याबरोबर चौघांपैकी तिघांनी जवळपास एकच फायटर आणला: व्हेरियंट ह्यूमन, ग्रेटसोर्ड (दोन हाती मोठी तलवार), ग्रेट वेपन मास्टर फीट (जास्तीचं कसब). चौथ्यानेही तेच आणावं असा आग्रह चाललाय. चौथा मी. मला क्लेरिक (देवाच्या नावाने स्पेल, म्हणजे मंत्र टाकणारा) घ्यायचाय आणि "मग डॅमेज कोण देणार?" हे ऐकून कान किटलेत.

म्हणून हिशोबच मांडतो. ज्यांना हा फीट माहीत नाही त्यांच्यासाठी: वार लागला का ते वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. वार करण्याआधी ठरवायचं, फाशावर ५ कमी घ्यायचे, आणि लागलाच तर डॅमेज १० ने जास्त. पाचव्या लेव्हलला स्ट्रेंग्थ १८ असलेल्या फायटरला मारताना +७ मिळतात आणि वार सरासरी ११ चा बसतो. क्रिट (फाशावर थेट २० पडल्यावरचं जास्तीचं डॅमेज) बाजूला ठेवू.

समोर ओगर असेल (एसी, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, ११; एचपी, म्हणजे किती डॅमेज सोसेल, ५९) तर साधा वार ८५ टक्के वेळा लागतो, सरासरी ९.३५. फीट वापरून ६० टक्के, सरासरी १२.६. इथे वादच नाही, फीट वापरा.

समोर हॉबगॉब्लिन असेल (एसी १८, एचपी ११) तर साधा वार सरासरी ५.५ आणि फीटवाला ५.२५. तेही कागदावर. मुळात ११ एचपी असलेल्याला २१ चा घाव घातला तर वरचे १० वायाच गेले. एका वारात तो मरण्याची शक्यता काढली तर साध्या वाराने २९ टक्के, फीटने २५. आणि हे लोक एकटे येत नाहीत. तुमच्या शेजारी त्यांचा दुसरा गडी उभा असला की टर्नमध्ये एकदा २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) डॅमेज फुकटात वाढतं. अरुंद बोळात अशा सहा जणांची फळी आली की मोठी तलवार हवेत फिरत राहते आणि आपले एचपी भराभर उतरतात.

आता ब्लेस. पहिल्या लेव्हलचा स्पेल, तिघांना प्रत्येक वारावर आणि प्रत्येक सेव्हवर (शत्रूच्या जादूतून वगैरे सुटायला टाकायचा फासा) एक डी४, म्हणजे चार बाजूंचा फासा, जास्त. एसी १५ धरला तर फीट वापरणाऱ्या फायटरचा वार सरासरी ८.४ वरून ११ वर जातो. तिघे, प्रत्येकी दोन वार: राउंडला सरासरी पावणेसोळा डॅमेज वाढलं. चौथा फायटर आणला असता तर त्याने दिलं असतं १६.८. म्हणजे जवळपास तेवढंच, वर तिघांचे सेव्हही सुधारले, आणि दुसऱ्या राउंडपासून माझी ॲक्शन मोकळी.

लेव्हल_वीस

हिशोब बरोबर, निष्कर्षाशी असहमत. ब्लेसचे पावणेसोळा आले कुठून? त्या तीन तलवारवाल्यांकडून. त्यांच्या जागी एक बार्ड (गाणारा जादूगार), एक ड्रुइड (निसर्गाचा जादूगार) आणि एक रोग (Rogue, चोरटा) ठेव, मग बघ किती उरतात. तुझं गणित माझ्याच बाजूने साक्ष देतंय.

दुसरं. या खेळात १ एचपी उरलेला ओगरही पूर्ण ताकदीने सोटा हाणतो, सरासरी १३. पहिल्या लेव्हलचा क्युअर वूंड्स भरून देतो साडेसात-आठ. म्हणजे जखम भरण्याचा वेग कधीच घावाच्या वेगाला गाठत नाही. शत्रू एक राउंड लवकर मेला की त्याचे त्या राउंडचे सगळे घाव वाचले. याहून चांगलं हीलिंग मला दाखव.

तुझी कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवणारी एकाग्रता, घाव बसला की सेव्ह करावा लागतो) तुटली की ब्लेस गेला, तेही लक्षात ठेव. फायटरची तलवार दहाचा घाव खाऊन विझत नाही.

चहा_आणि_डी२०

दोघांचं वाचून दमले. कॅरेक्टरला नाव आहे का? गाव आहे का? ८५ टक्के आणि २९ टक्के यांच्यात माणूस कुठाय? आमच्या टेबलवर असे एक महाशय होते. सहा महिने खेळले, शेवटपर्यंत त्यांचा फायटर "फायटर"च. कोणी मेलं तरी यांचं लक्ष पुढच्या फीटकडे.

मारामारीची कॅम्पेन असली तरी मारायचं का, हा प्रश्न पडलाच पाहिजे ना?

लेव्हल_वीस

@चहा_आणि_डी२०, पडू दे की. पण खेळ आला कुठून ते बघा. गायगॅक्स आणि आर्नसन यांनी १९७४ मध्ये डी अँड डी काढला तो युद्धखेळांतून. नियमांची बरीच पानं कोणी कोणाला कसं मारायचं यावर आहेत. माझ्या फायटरला गाव आहे, मेलेला भाऊ आहे, भावाची तलवारही आहे. त्या तलवारीने नीट मारता येत नसेल तर ती कथा तिसऱ्याच भुयारात संपते.

पडद्याआडून

मी डीएम असतो, खेळाडू क्वचितच. तुम्ही सगळे एक गोष्ट विसरताय: दिवसाला किती लढाया होणार? २०१४ चं डीएम गाइड सहा ते आठ मध्यम-कठीण चकमकी धरून चालतं. मी पाहिलेल्या बहुतेक टेबलांवर होतात एक किंवा दोन, कारण रविवारी दुपारी चार तास मिळतात आणि त्यातला एक समोसे येण्यात जातो. दिवसाला एकच लढाई असेल तर पॅलाडिन (देवाचा शपथबद्ध योद्धा) पहिल्या दोन-तीन राउंडमध्येच सगळे स्लॉट (दिवसाला मोजकेच मिळणारे स्पेल) स्माइटमध्ये, म्हणजे वाराच्या जास्तीच्या डॅमेजमध्ये, ओततो आणि सगळ्यांना वाटतं हाच राजा. खरोखर सहा चकमकी घडवल्या की तोच पॅलाडिन तिसऱ्या चकमकीत नुसती तलवार घेऊन उभा, आणि ज्याच्याकडे दर वेळी थोडं थोडं देण्यासारखं आहे तो पुढे जातो. तेव्हा बिल्ड ठरवण्याआधी डीएमला हे एक विचारा. फीटबिट नंतर.

आणि सेव्ह! कोणीच सेव्हबद्दल बोललं नाही. फायटर बांधणारा प्रत्येक जण इंटेलिजन्स ८ ठेवतो, कारण "काय उपयोग?". मग मी माइंड फ्लेयर आणतो. साठ फुटांचा, शंकूच्या आकाराचा मनावरचा हल्ला, डीसी (सेव्हला गाठायचा आकडा) १५ चा इंटेलिजन्स सेव्ह. इंटेलिजन्स ८ म्हणजे फाशावर −१, आणि −१ वाल्याला फाशावर १६ लागतात, म्हणजे शंभरातून पंचवीस वेळा सुटका. नाही सुटलं तर मिनिटभरापर्यंत स्टन, दर टर्नच्या शेवटी पुन्हा एक प्रयत्न. तीन एकसारखे फायटर एका रांगेत पुतळे झालेले मी पाहिलेत. एकाचा मालक फोन काढून रील्स बघत बसला, त्याला दोष तरी काय द्यायचा? टर्न येते, फासा पडतो, "नाही", पुढचा.

अकराच्या अकरा ओपनर घेऊन कोणी टीम उतरवत नाही. इथे मात्र खुशाल उतरवतात.

मला विचाराल तर सहाव्या लेव्हलचा पॅलाडिन स्माइटसाठी घेऊच नका, ऑरासाठी घ्या. दहा फुटांतल्या प्रत्येक साथीदाराच्या प्रत्येक सेव्हला त्याचा करिश्माचा बोनस मिळतो. माझे कितीतरी बेत या एका ऑराने पाण्यात घातलेत.

निळा_फासा

@पडद्याआडून, ब्लेसमुळे सेव्ह सुधारतात असं मी ओझरतं म्हटलं होतं, पण तुमचं उदाहरण जास्त बोलतं. −१ वाल्याला डी४ मिळाला की पंचवीसचे साडेसदतीस टक्के होतात.

@लेव्हल_वीस, कॉन्सन्ट्रेशन तुटते, कबूल. पण ती काही नशिबावर सोडायची गोष्ट नाही. २० पर्यंतच्या घावाला डीसी १० च राहतो. कॉन्स्टिट्यूशन १४ असेल तर ६५ टक्के टिकते. वॉर कास्टर फीट घेतला की दोन फासे टाकून चांगला तो धरायचा, म्हणजे जवळपास ८८. शिवाय तिघांत मी स्वतःला धरलं तर माझ्या या सेव्हलाही डी४ लागतो, अर्थात मग एक फायटर वगळावा लागेल.

हीलिंगबद्दल मात्र तुझं शंभर टक्के खरं. लढाई चालू असताना एचपी भरत बसणं म्हणजे फुटक्या माठात पाणी. हीलिंग वर्ड मी ठेवणार तो फक्त पडलेल्याला उभं करायला. बोनस ॲक्शन, साठ फुटांवरून, ३ एचपी मिळाले तरी तो माणूस पुढच्या टर्नला तलवार चालवतो.

चहा_आणि_डी२०

"पडलेल्याला उभं करायला" हे तरी माणसासारखं बोललात. तो क्लेरिक कोणत्या देवाचा, हे पण लिहा.

नवाखेळाडू_नागपूर

मी कधीच खेळलेलो नाही. आमच्याकडे पहिल्या लेव्हलपासून सुरू होतंय आणि मला पण क्लेरिक दिलाय. आकडे कुठे कसे टाकायचे? पॉइंट बायने (ठरलेले पॉइंट खर्चून) करायचंय.

निळा_फासा

२७ पॉइंट मिळतात. विज्डम १५ ला ९ जातात, कॉन्स्टिट्यूशन १४ ला ७, डेक्स्टेरिटी १४ ला ७. उरले ४: स्ट्रेंग्थ १०, करिश्मा १०. इंटेलिजन्स ८ (पडद्याआडून यांची माफी मागून). हिल ड्वॉर्फ हा वंश घेतलास तर कॉन्स्टिट्यूशन १६ आणि विज्डम १६ होतं, वर दर लेव्हलला एक एचपी जास्त. पहिल्याच लेव्हलला १२ एचपी. स्केल मेल (चिलखत) आणि ढाल घेतली की एसी १८. तुमच्या फायटरलाही एवढा एसी ढाल उचलल्याशिवाय नाही मिळणार.

देवाचं चिन्ह ढालीवरच कोरून घे, नाहीतर एका हातात ढाल, दुसऱ्यात गदा आणि ब्लेस टाकायला हातच नाही अशी पंचाईत होते. आणि गदा कमरेला लटकव, पहिल्या राउंडला ती लागत नाही.

लेव्हल_वीस

यात काही खोट नाही. फक्त याला पुढचंही सांग. पाचव्या लेव्हलला हा स्पिरिट गार्डियन्स स्पेल घेणार, आणि त्यालाही कॉन्सन्ट्रेशनच लागते. तेव्हा ब्लेस सोडावा लागेल, आणि पंधरा फुटांत येणाऱ्या प्रत्येक शत्रूला ३डी८. म्हणजे तुमचा सपोर्ट क्लेरिक शेवटी डॅमेजवरच आला.

निळा_फासा

चार-पाच जण अंगावर आले असतील तर आला, आणि मी खुशीने आणेन. समोर एकटा ओगर असेल तर ब्लेस. ते तिथे उभं राहून ठरवायचं.

@चहा_आणि_डी२०, देव अजून ठरला नाही. डोमेन (देवाचं क्षेत्र) लाइफ.