कॉम्प्युटर रेंगाळतोय, आत कोण राबतंय? तुमचे अनुभव लिहा

ओळखीतली माणसं हल्ली फिरून फिरून एकच विचारतात. मशीनवर काही करत नसलो तरी पंखा घोंघावतो, माऊस अडखळतो, टास्क मॅनेजर उघडला की भलत्याच नावाचं काहीतरी चाललेलं दिसतं. व्हायरस आहे का हो? उत्तर शोधायला बसलं की प्रत्येकाकडे वेगळाच आरोपी निघतो, आणि बऱ्याचदा ज्याच्यावर संशय असतो तो बिचारा निर्दोष असतो. म्हणून हा धागा काढतेय. विनंती एवढीच, की "अमुक अँटिव्हायरस टाका, सुटाल" इतक्यावर थांबू नका. संशय कशावरून आला, माग कसा काढला आणि शेवटी कोण सापडलं, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात. भाचीचा फोन आला, "मावशी, एसव्हीसीहोस्ट नावाचं काहीतरी यादीभर पसरलंय." तिला म्हटलं, ते असायचंच. विंडोजच्या सेवा, म्हणजे पडद्यामागे चालणारी तिची कामं, त्या एका नावाखाली चालतात. पूर्वी एकेका होस्टमध्ये अनेक सेवा कोंबलेल्या असायच्या. २०१७ च्या विंडोज १० आवृत्तीपासून, ३.५ जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर बहुतेक सेवांना स्वतंत्र प्रोसेस, म्हणजे यादीत स्वतःची वेगळी ओळ मिळते. त्यामुळे गर्दी दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही.

तरी मशीन रखडत होतं हे खरंच होतं. मग तिला टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये जाऊन मथळ्यावर राइट क्लिक करायला लावलं आणि 'कमांड लाइन' हा रकाना चालू करून घेतला. अस्सल एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या सिस्टम३२ या फोल्डरमधून चालतो आणि त्याच्या ओळीत पुढे 'हायफन के' आणि सेवागटाचं नाव असतं. यादीत एकच ओळ अशी होती, की जिच्यात 'के' नव्हता आणि पत्ता होता अ‍ॅपडेटामधल्या, म्हणजे वापरणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यातल्या, एका फोल्डरचा. सापडला. 'एंड टास्क' केलं की थोड्या वेळाने परत हजर, कारण ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये त्याने स्वतःला उठवायची सोय करून ठेवली होती, तीसुद्धा 'अपडेट' असं सोज्वळ नाव घेऊन. आधी ती नोंद काढली, मग प्रोसेस थांबवली, मग फाइल उडवली आणि शेवटी पूर्ण स्कॅन केलं. उलट्या क्रमाने केलं असतं तर खेळ चालूच राहिला असता.

* * *

माझ्या धाकट्या भावाच्या मशीनवरचा पाहुणा याहून चलाख होता. क्रॅक केलेल्या गेमसोबत आलेला. लक्षण असं, की मशीन नुसतं पडून असलं की पंखा जोरात, आणि टास्क मॅनेजर उघडला की काही क्षणांत सगळं शांत, सीपीयू दोन-तीन टक्के. भाऊ म्हणायचा, "बघ दादा, काहीच नाहीये." मला संशय आला तो नेमका या शांततेचाच. काही मायनर, म्हणजे तुमच्या मशीनवर चोरून डिजिटल नाणी कमावणारे प्रोग्राम, टास्क मॅनेजर उघडल्याची चाहूल घेतात आणि तेवढ्यापुरते दडी मारतात. प्रोसेस एक्सप्लोरर हे तसंच दुसरं साधनही ओळखतात.

मग समोर बसून पाहणं सोडलं. विंडोजमध्येच असलेल्या परफॉर्मन्स मॉनिटरला प्रत्येक प्रोसेसचा सीपीयू वापर ठरावीक अंतराने फाइलमध्ये टिपायला लावला आणि मशीन तसंच सोडून दिलं. काही तासांनी टास्क मॅनेजर उघडला, बंद केला, मग नोंदी वाचल्या. एका नावाचा आलेख सतत वर होता आणि मी टास्क मॅनेजर उघडल्याच्या वेळी थेट शून्यावर आला होता. अशा वेळी नाव काय आहे याला काही अर्थ नसतो, वागणूकच सांगते.

दुसरा पुरावा डिफेंडरच्या, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसच्या, 'एक्सक्लूजन्स'मध्ये (स्कॅनमधून वगळलेल्यांच्या यादीत) मिळाला. तिथे अख्खा सी ड्राइव्ह वगळलेला होता! भावाने ते केलं नव्हतं. म्हणून तर एवढे दिवस स्कॅन 'सर्व ठीक' म्हणत होतं. ही यादी प्रत्येकाने एकदा उघडून पाहावी. ऑफलाइन स्कॅनने, म्हणजे विंडोज नीट सुरू होण्याआधीच जे चालतं त्याने, बराचसा कचरा पकडला. पण असा शिरकाव झाल्यावर मला त्या मशीनचा भरवसा वाटेना. कागदपत्रं बाजूला काढून विंडोज नव्याने टाकलं आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलले. घरगुती मशीनमध्ये यांना काय मिळतं, असं भावाने विचारलं. मोनेरो हे डिजिटल चलन साध्या प्रोसेसरवरही खणता, म्हणजे कमावता येतं, वीजबिल तुमचं आणि नाणी त्यांची.

* * *

आमच्याकडे चोर वगैरे नव्हता. डिस्क कायम १०० टक्के आणि सर्च इंडेक्सर (शोधासाठी फाइलींची सूची करणारा) वर दिसायचा, म्हणून सगळे त्याच्या मागे लागलेले. 'परफॉर्मन्स'मध्ये डिस्कवर क्लिक केलं तर वाचन-लेखन जेमतेम काही केबी आणि प्रतिसादाची सरासरी वेळ हजारो मिलीसेकंद. काम थोडं आणि वेळ प्रचंड, म्हणजे डिस्कच मरायला टेकलेली. स्मार्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) तपासली, तर खराब सेक्टर वाढत होते. आधी बॅकअप घेतला, मग बाकीचं.

* * *

एक शंका. वर सिस्टम३२ चा निकष दिलाय. माझ्याकडे 'एमएसएमपीइंजी' प्रोग्रामडेटामधून चालतंय आणि खूप सीपीयू खातंय. म्हणजे बनावट?

* * *

नाही हो. ते डिफेंडरचं इंजिन आहे आणि त्याचं हल्लीचं घर तेच, प्रोग्रामडेटातल्या 'विंडोज डिफेंडर' फोल्डरमधलं 'प्लॅटफॉर्म'. सिस्टम३२ ची कसोटी एसव्हीसीहोस्ट, एलएसएएसएस, सीएसआरएसएस अशा विंडोजच्या मूळ मंडळींपुरती. बाकीच्यांसाठी फाइलच्या गुणधर्मांमधली डिजिटल सही पाहा. फाइलवर नुसतं 'मायक्रोसॉफ्ट' असं लिहिलेलं कोणीही लिहू शकतं, वैध सही करणं सोपं नाही. स्कॅन चालू असताना सीपीयू चढणारच. मात्र शेजारी दुसरा अँटिव्हायरसही जागा असेल तर दोघांपैकी एकाला निरोप द्या.

* * *

माझा अनुभव कंटाळवाणा आहे, पण उपयोगी पडेल. 'डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट' दिवसभर सीपीयू खात होतं. फाइल अस्सल, सही अस्सल, जागा बरोबर. दोन संध्याकाळी त्याच्यावरच डाफरत बसलो. मुद्दा असा, की ते स्वतःहून काही करत नाही. दुसरं कोणीतरी त्याला सारखी मशीनची माहिती विचारत असतं आणि ते उत्तरं देत बसतं. विचारणाऱ्याचा पत्ता इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मिळतो. 'अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज', त्यात मायक्रोसॉफ्ट, विंडोज, मग 'डब्ल्यूएमआय-अ‍ॅक्टिव्हिटी' आणि शेवटी 'ऑपरेशनल'. तिथल्या त्रुटींच्या नोंदींत 'क्लायंट प्रोसेस आयडी' असतो. तो क्रमांक टास्क मॅनेजरच्या पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) रकान्यात शोधला. निघालं काय, तर कीबोर्डचे दिवे रंगवणारं एक सॉफ्टवेअर! काढून टाकलं. कीबोर्ड आता पांढऱ्या उजेडात सुखी आहे.

* * *

सासऱ्यांचा मॅक. अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये (मॅकच्या टास्क मॅनेजरमध्ये) 'कर्नल टास्क' सगळ्यात वर, म्हणून त्यांना खात्री की कोणीतरी आत शिरलंय. ते थांबवताही येत नाही, त्यामुळे संशय आणखी पक्का. खरं तर मशीन तापलं की कर्नल टास्क मुद्दाम प्रोसेसरचा वेळ अडवून ठेवतं, म्हणजे बाकीच्यांना कमी मिळतो आणि उष्णता उतरते. अ‍ॅपलनेच तसं सांगितलंय. बाबा लॅपटॉप उशीवर ठेवून वापरत होते. उशी काढली.

* * *

वरचं सगळं वाचताना वाटलं, की सगळ्यात महागात पडणारी प्रोसेस फोनवरून येते. आमच्या आत्याला 'तुमचं मशीन व्हायरस पसरवतंय' असा फोन आला. त्या माणसाने तिला इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघडायला लावून लाल-पिवळ्या खुणा दाखवल्या. त्या धडधाकट मशीनवरही ढिगाने असतात. मग काळ्या खिडकीत 'असॉक' ही आज्ञा टाइप करायला सांगितली आणि ८८८डीसीए६० ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक स्वतःच वाचून दाखवला. "हा फक्त तुमच्याच कॉम्प्युटरचा क्रमांक, बघा आमच्याकडे नोंद आहे." तो क्रमांक जवळजवळ प्रत्येक विंडोजवर तोच असतो! आत्या हुशार, तिने "जरा थांबा" म्हणून मला दुसऱ्या फोनवरून विचारलं. अशांनी मशीनचा ताबा घेतलाच असेल तर आधी इंटरनेट तोडा आणि रिमोटची सॉफ्टवेअरं शोधून काढा. त्याच मशीनवर बँकेचं काम करत असाल तर बँकेलाही लगेच कळवा.

* * *

ब्राउझरला कोणी विचारतच नाही. टास्क मॅनेजरमध्ये फक्त 'क्रोम' दिसतं, आत कोण आहे ते दिसत नाही. क्रोमच्या खिडकीत शिफ्ट-एस्केप दाबा, त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि प्रत्येक टॅब, प्रत्येक एक्स्टेन्शन वेगळं दिसतं. माझ्याकडे स्क्रीनशॉट काढणारं एक जुनं एक्स्टेन्शन पहिल्या नंबरवर होतं. कधी टाकलं तेही आठवेना.

वेबपानातून मायनिंग करणारी कॉइनहाइव्ह ही सेवा २०१७ मध्ये आली आणि मार्च २०१९ मध्ये बंद झाली. त्या काळात एक युक्ती उघडकीला आली होती. ब्राउझर बंद केला तरी एक चिमुकली खिडकी टास्कबारच्या घड्याळामागे लपून काम करत राहायची. कॉइनहाइव्ह गेली, पण ब्राउझर बंद केल्यावरही त्याच्या प्रोसेस शिल्लक आहेत का, हे पाहण्याची माझी सवय गेलेली नाही.

* * *

सगळे इतके खोलात गेलेत, मी उथळ सांगतो. एका काकांनी 'सिस्टम आयडल प्रोसेस ९७ टक्के खातेय, कशी मारू?' असं विचारलं होतं. काका, ती रिकामा वेळ दाखवते. ९७ म्हणजे प्रोसेसर आरामात बसलाय. आणि 'शट डाउन' रोज करता म्हणून मशीन ताजं होतं असं समजू नका. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, पूर्ण बंद होतच नाही. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली 'अप टाइम' पाहा आणि एकदा 'रीस्टार्ट' करा. निम्मी तक्रार तिथेच मिटते.

* * *

माझं अजून मिटलेलं नाही. 'मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' कालपासून चालूच आहे, डिस्क आणि सीपीयू दोन्ही खातंय. फाइल विंडोजच्या विनएसएक्सएस फोल्डरमध्ये आहे. मारू का?

* * *

नका मारू. ते अपडेट बसवणारं आहे आणि जागाही योग्य आहे. अर्ध्यावर तोडलं तर अपडेट पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. चार्जर लावून रात्रभर चालू द्या, सकाळी रीस्टार्ट करा. तरी थांबलं नाही तर अपडेटच्या इतिहासात एकच अपडेट वारंवार फसलेलं दिसतंय का ते पाहा आणि त्याचा एररचा क्रमांक इथे द्या.