मेडिसिनल केमिस्ट्री करून शेवटी वापीची नाईट शिफ्टच ना?

तापीकाठ: अमळनेरची भाची बी.एस्सी. केमिस्ट्री झाली. पुढे मेडिसिनल केमिस्ट्रीच, म्हणजे औषधाचे रेणू घडवायचं शास्त्र, करणार म्हणून हटून बसलीय. माझं मत स्पष्ट आहे, साधं एम.एस्सी. ऑरगॅनिक कर, नाहीतर बी.एड. नवीन औषध शोधणारी कंपनी जळगाव-धुळ्यात आहे कुठे? नाव मोठं, नि हाती गुजरातेतल्या अंकलेश्वर-वापीच्या केमिकल कारखान्यातली शिफ्ट. सुरतेच्या गाडीला आपलीच पोरं लटकलेली असतात.

रिॲक्टरवाला: दादा, मी त्याच शिफ्टला आहे. पगार वेळेवर होतो, तेवढी नावं ठेवू नका. पण मेडिसिनलवर पैसा घालू नका हे खरं. एपीआय प्लांटमध्ये, म्हणजे औषधाचा मूळ घटक बनतो तिथे, टीएलसी प्लेट (मिश्रणातले पदार्थ ठिपक्यांनी वेगळे दाखवणारी पट्टी) यूव्ही दिव्याखाली धरायची, स्टार्टिंग मटेरियलचा ठिपका गेला की पुढची स्टेप. रेणू शरीरात जाऊन काय करतो, हे तिथे कोणी विचारत नाही.

रेणूप्रेमी: प्लांटमध्ये विचारत नाहीत, म्हणून विषयच वाया का भो? टर्फेनॅडिन हे ॲलर्जीचं औषध. हृदयाचे ठोके बिघडायला लागले म्हणून ते बाजारातून गेलं. पण यकृत त्यातल्या एका मिथाइलचं ऑक्सिडेशन करून कार्बोक्झिलिक आम्ल बनवतं. हा बदललेला रेणू ॲलर्जीवर चालतो नि हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या पोटॅशियम चॅनेलच्या वाटेला फारसा जात नाही. तेच फेक्सोफेनॅडिन, आज कुठल्याही मेडिकलवर मिळतं. कुठला गट बदलला की काय होईल, हा अंदाज बांधता येणारी माणसं हैदराबाद-बंगळुरूच्या सीआरओंना, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांसाठी संशोधन करणाऱ्या कंपन्यांना, लागतात.

रिॲक्टरवाला: लागतात, पण अंदाज बांधतो पीएच.डी.वाला. एम.एस्सी.वाला दिवसभर कॉलम चालवतो, म्हणजे मिश्रणातून पदार्थ वेगळे करत बसतो. माझे दोन वर्गमित्र हैदराबादला तेच करतात.

तापीकाठ: तेच म्हणतो मी. आणि हैदराबाद म्हणजे घर सोडणंच. मुलीची जात आहे.

केळीची_वखार: आलात ना मूळ मुद्द्यावर? भाचा असता तर बी.एड. सुचवलं असतं का, मामा? कॉलम नि रिॲक्टर सोडूनही कामं आहेत. 1970 च्या कायद्यात औषध बनवायच्या पद्धतीलाच पेटंट होतं, 2005 पासून रेणूलाही मिळतं. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने इमॅटिनिब या कॅन्सरच्या औषधाच्या नव्या स्फटिकरूपाला पेटंट नाकारलं. नवं रूप खरंच जास्त गुणकारी आहे का, हाच तिथे वादाचा मुद्दा होता. असले कागद वाचायला केमिस्ट्रीच लागते, नुसता वकील पुरत नाही. पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञानाची पदवी चालते. रेग्युलेटरीतही, म्हणजे औषधाच्या सरकारी मंजुरीच्या कागदपत्रांतही, बसून काम असतं.

रिॲक्टरवाला: त्याला इंग्रजी फाडफाड लागतं ताई. आपल्याकडची पोरं तिथेच अडकतात.

केळीची_वखार: लिहायचं इंग्रजी लागतं, फाडफाड नाही. सरावाने येतं.

रेणूप्रेमी: मामा, एम.एस्सी. ऑरगॅनिक करू द्या, सोबत गेट किंवा नेट द्यायला लावा. त्यावर नायपर या औषधशास्त्राच्या सरकारी संस्थेची प्रवेशपरीक्षा देता येते, नि मेडिसिनल केमिस्ट्रीला तिथे ऑरगॅनिकवालेही घेतात.

तापीकाठ: म्हणजे माझंच ऐकायचं, फक्त गेट जोडून? हे तिला पटेल. पण वापी नाही म्हणजे नाही.

रिॲक्टरवाला: वापीने काय घोडं मारलंय तुमचं, दादा?