विषय: पोरीची ऑनलाइन चाचणी – "मी कधीही नियम मोडलेला नाही" याला काय टिक करायचं?

माई (बाणेर)
मंडळी, घाईत लिहितेय. धाकटीला खराडीच्या त्या कंपनीची लिंक आली. मुलाखतीच्या आधीची चाचणी, मुदत शुक्रवार रात्री 11:59, अमेरिकेची ईस्टर्न वेळ. गुरुवारी आमच्याकडे पाणी नाही आणि महावितरणचा मेसेजही आलाय, म्हणजे बुधवारी रात्री नाहीतर शुक्रवारी. गणितं आणि ते आकृत्यांचं तिला जमतं. अडलंय शेवटच्या भागात. स्वतःबद्दलची शंभरेक विधानं, प्रत्येकाला "पूर्ण सहमत" ते "अजिबात असहमत". सरावात "मी आयुष्यात कधीही नियम मोडलेला नाही" आलं, तिने "असहमत" दिलं. हे म्हणतात, नोकरी मागायला गेल्यावर असं कोण कबूल करतं? दोन दिवस घरात हेच चाललंय, जेवताना सुद्धा. कोजागरीला कुणीतरी म्हणालं होतं ना, मी भरतीत आहे म्हणून? ती कोण?

आबा (एडिसन)
माई, "पूर्ण सहमत" द्यायला सांग आणि मोकळी हो. मी पिंपरीला लागलो तेव्हा कागदी फॉर्म होता. त्यात "काही व्यसन?" असा रकाना होता. माझ्या पुढच्या माणसाने प्रामाणिकपणे "तंबाखू" लिहिलं. तो अजून आठवतो, कारण त्यानंतर तो कधी दिसला नाही.
ता. क. 11:59 ईस्टर्न म्हणजे पुण्यात शनिवार सकाळचे 10:29. वेळ भरपूर आहे.

बंडू (फ्रीमाँट)
आबा, 10:29 हिवाळ्यात. आत्ता इथे अमेरिकेत घड्याळं तासभर पुढे आहेत, म्हणजे 9:29. गेल्या वर्षी तुमच्या याच हिशेबाने अर्धं मंडळ ऑनलाइन आरतीला तासभर उशिरा आलं होतं.

मगरपट्ट्याची ताई
ती कोजागरीवाली मी. भरतीत बारा वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर.
आबा, कृपया असं सांगू नका. ते वाक्य खरंखोटं तपासायला नसतं, उमेदवार स्वतःला किती धुतल्या तांदळासारखा दाखवतो हे बघायला असतं. "कधीही", "नेहमी", "प्रत्येकाशी" असे शब्द दिसले की ओळखावं. ही युक्ती जुनी आहे. 1943 साली आलेल्या एमएमपीआय या मानसशास्त्रीय चाचणीत फक्त यासाठी 15 विधानं होती. एवढंसं कबूल करायलाही माणूस कचरला, तर त्याच्या बाकीच्या उत्तरांवर विश्वास कसा ठेवायचा, असा हिशेब. तिकडे अमेरिकेत 1988 च्या कायद्याने बहुतेक खासगी कंपन्यांना उमेदवाराला पॉलिग्राफवर, म्हणजे खोटं पकडायच्या यंत्रावर, बसवायची बंदी झाली, मग लेखी प्रामाणिकपणाच्या चाचण्या फोफावल्या. अमेरिकी कंपन्यांबरोबर त्या आपल्याकडेही आल्या.
तेव्हा तिचं "असहमत" बरोबर आहे. पण म्हणून प्रत्येक ठिकाणी कबुलीजबाब देऊ नये. "ऑफिसातली वस्तू घरी नेणं चालतं" याला मात्र सरळ "अजिबात असहमत". पहिलं वाक्य माणूसपणाबद्दल आहे, दुसरं चोरीबद्दल.
एकच गोष्ट चार ठिकाणी शब्द फिरवून येते. "मला गर्दीत उत्साह वाटतो", मग तीस प्रश्नांनी "समारंभानंतर मला थकवा येतो". प्रत्येक वेळी "कंपनीला काय हवं असेल" असा विचार केला की गोंधळ होतो. कामावरची मी कशी, एवढं एकदा ठरवून घ्यावं आणि भराभर पुढे जावं. कधी कधी दोन चांगल्याच वाक्यांतून एक निवडायला लावतात, तिथे तर शहाणपणाला जागाच नसते. तिथे अडकून वेळ घालवू नये.
आणि माई, तू खोलीत जायचं नाहीस. कॅमेरा चालू असेल तर दुसरा चेहरा दिसला की नोंद होते. दुसरी टॅब उघडली तरी होते.

आबा (एडिसन)
म्हणजे तंबाखू लिहायची की नाही?

बंडू (फ्रीमाँट)
नियमांवरून आठवलं. पुण्यातल्या पोरीला "कधीही नियम मोडला नाही" विचारणं हाच अन्याय आहे. हेल्मेटसक्ती आली की विरोधी कृती समिती निघणारं शहर ते. मी स्वतः कर्वे रोडवर हेल्मेट कोपराला अडकवून सात वर्षं गाडी चालवली.

माई (बाणेर)
कोपराला हेल्मेट ठेवून कोपर वाचतं एवढंच. माझा भाचा नळ स्टॉपला पडला तेव्हा डोक्यावर होतं म्हणून आज बोलतोय. विषयावर या.

खजिनदार
माफ करा, पण मंडळाची ही ईमेल यादी गणपतीच्या वर्गणीसाठी आणि हॉलच्या तारखांसाठी आहे. नोकऱ्यांसाठी वेगळी यादी काढली होती, तिच्यावर तीन माणसं आली, त्यातले दोघे सासरा-जावई. अजून 22 घरांची वर्गणी बाकी आहे. पुण्यात परत गेलेल्यांनीसुद्धा द्यायची असते, हे माई तुम्हाला उद्देशून नाही.

माई (बाणेर)
मला उद्देशूनच आहे. आज पाठवते.
आता नवीन अडचण. लिंक उघडली तर चाचणीच्या आधी एक फॉर्म निघाला. सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटिस पीरियड किती दिवस. तिचा 90 आहे. मैत्रीण म्हणते 30 लिही, नाहीतर माणसाने बघायच्या आधीच यंत्र गाळतं.

बंडू (फ्रीमाँट)
सध्याचा पगार विचारूच शकत नाहीत! कॅलिफोर्नियात 2018 पासून बंदी आहे.

मगरपट्ट्याची ताई
बंडू, पोरगी खराडीला अर्ज करतेय, सॅन होजेला नाही. इकडे विचारतात, आणि पे-स्लिप मागतात.
माई, 90 असेल तर 90च. गाळणी असते हे खरं. पण 30 लिहून पुढे गेली तर ऑफरच्या वेळी नेमणूकपत्र मागतात आणि तिथे 90 छापलेलं असतं. पीएफच्या पासबुकात कुठे कधी होती तेही निघतं. "वाटाघाटीने लवकर" असा पर्याय असेल तर तो निवडावा, जागा असेल तर "शिल्लक रजा वळती करता येतात" एवढं लिहावं. तेही आधी स्वतःच्या ऑफिसात विचारून. अपेक्षित पगाराला शून्य किंवा एक लिहायची फॅशन आली आहे, ती करू नये. आम्ही शून्यवाल्यांवर हसतो, मग यंत्र त्यांना बाजूला काढतं.

आबा (एडिसन)
आमच्या वेळी पगार आपण विचारायचाच नाही अशी पद्धत होती. पहिल्या महिन्याच्या पाकिटात कळला. कमी होता.

खजिनदार
माई, पोहोचले. बाकी 21. विषयओळ बदला ही विनंती, मोबाइलवर मला सगळं "नियम मोडलेला नाही" असंच दिसतंय आणि बायको विचारते कुणी काय केलं.

माई (बाणेर)
झालं एकदाचं. बुधवारी रात्री बसली. मधेच लाइट गेले, एक दिवस आधीच, पण लॅपटॉप चार्ज होता आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर निभावलं. मी स्वयंपाकघरात बसून होते, हे जिन्यात. 90च लिहिलं. ताई, तू म्हणालीस तशी चार ठिकाणी फिरवून आलेली वाक्यं तिने ओळखली, पण ते "नियम मोडलेला नाही" आलंच नाही. त्याऐवजी "निर्णय घेताना मी घरच्यांचा सल्ला घेते" असं आलं. काय टिक केलं ते सांगायला तयार नाही. तिच्या बाबांनी तीनदा विचारलं.
निकाल आठवड्यात म्हणतात. आबा, 9:29च होतं, स्क्रीनवर वर कोपऱ्यात लिहिलेलं होतं.

आबा (एडिसन)
आरतीच्या दिवशी काय लिहिलं होतं ते कुणी वाचलं नव्हतं का मग?