अनुभव धागा: २५० अंशांच्या ओव्हनमधले पिझ्झे आणि त्यांचे भाऊबंद

धागाकर्ती
घरचा ओटीजी बहुधा २५० अंश सेल्सियसला थांबतो, आणि बरेच नावाजलेले पिझ्झे त्याहून कितीतरी तापलेल्या भट्टीत जन्मलेत. आपल्या हातात बसलेला एकच प्रकार लिहा: प्रमाण, तापमान, बिघडतं कुठे आणि का. पिझ्झ्याच्या नात्यातले पोटभरीचे पदार्थही चालतील.

नीट_मळा
इटलीतल्या नापोलीचा घेते. तिथल्या अस्सल पिझ्झा संघटनेच्या (स्थापना १९८४) नियमांत १ लिटर पाण्याला साधारण १.६ ते १.८ किलो मैदा, ४० ते ६० ग्रॅम मीठ आणि अगदी थोडं यीस्ट. तेल, साखर नाही. लाकडाच्या भट्टीत तो ६० ते ९० सेकंदांत होतो. तोच गोळा २५० अंशांत टाकलात तर ७-८ मिनिटं लागतात. पिठात साखर नसल्याने रंग लवकर चढत नाही, आणि रंगाची वाट पाहीपर्यंत पाणी उडून काठ टोस्टासारखे कडक होतात.

यावर चालणारा उपाय म्हणजे बीडाचा तवा. गॅसवर चांगला तापवा, हाताने पसरलेली पोळी त्यावर टाका, लगेच टोमॅटो आणि चीज घाला. बुडाला डाग पडले की (साधारण २ मिनिटं) तवा उचलून आधीपासून तापवलेल्या ग्रिलखाली, सळीच्या जितका जवळ जाईल तितका जवळ ठेवा. ३-४ मिनिटं पुरतात. लाटणं वापरू नका, काठातली हवा निघून जाते.

ताजं मोझरेला कापून चाळणीत घालून फ्रिजमध्ये काही तास निथळवा, नाहीतर पिझ्झ्यावर तळं साचतं. टोमॅटो शिजवायचे नाहीत. आपले टोमॅटो पाणचट असतात, म्हणून सोलून, बिया काढून, कुस्करून चाळणीत ठेवा. मीठ फक्त.

जर्सीकर
२५० अंशांसाठी न्यूयॉर्कचा प्रकार जास्त सोयीचा. मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३१०, मीठ १०, साखर १०, तेल १२, इन्स्टंट यीस्ट २ ग्रॅम. साखरेने रंग येतो, तेलाने पोळी मऊ राहते. कमी आचेची भरपाई या दोघांनी होते. ३ गोळे करून तेल लावलेल्या डब्यांत फ्रिजमध्ये ४८ ते ७२ तास. एका गोळ्याचा सुमारे १२ इंची पिझ्झा.

पोळी पसरताना सारखी आखडत असेल तर पीठ गार आहे. दोन तास बाहेर ठेवा, ओढाताण करू नका. पिझ्झा स्टोन किंवा जाड लोखंडी पत्रा किमान ४५ मिनिटं तापवा. ओव्हनचा दिवा विझला म्हणजे हवा तापली. दगड तापायला त्याहून बराच वेळ लागतो. बूड पांढरं राहतं ते बहुतेक वेळा इथेच. चीज कमी पाण्याचं मोझरेला, घरी किसलेलं. पाकिटातल्या किसावर चिकटू नये म्हणून स्टार्च असतो, तो नीट वितळत नाही.

कणिकवाली
@जर्सीकर, भारतातल्या साध्या मैद्याने हे पीठ ढिलं पडतं का?

जर्सीकर
पडतं. त्यात प्रथिनं साधारण १० टक्के असतात. ५०० ग्रॅमला १२ ग्रॅम गव्हाचं ग्लूटेन मिसळा, किंवा पाणी २९० वर आणा.

बेकघर
घरच्या ओव्हनला सगळ्यात साजेसा अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा, माझं ठाम मत. १९४६ साली तिथे मोटार कारखान्यांतल्या निळसर पोलादी ट्रेमध्ये तो भाजायला सुरुवात झाली. उष्णता ट्रेच्या भिंतींतूनच पिठाला मिळते, त्यामुळे भट्टीची गरज नाही.

९ इंची चौकोनी, गडद रंगाच्या टिनसाठी मैदा १८० ग्रॅम, पाणी १२५, मीठ ४, यीस्ट २ ग्रॅम. पीठ चिकटच असतं, वरून मैदा भुरभुरू नका. टिनला दोन चमचे तेल, पीठ बोटांनी पसरा, तासा-दीड तासात फुगेल. मग चीज थेट भिंतीला टेकेल असं काठापर्यंत घाला. तिथे ते तळलं जाऊन जाळीदार, खरपूस कड होते. या पिझ्झ्याचा जीव त्या कडेत आहे. तिकडे विस्कॉन्सिनचं ब्रिक चीज वापरतात, आपल्याकडे मोझरेला आणि चेडर निम्मं-निम्मं. टोमॅटो चीजच्या वर, पट्ट्यांनी. सर्वात खालच्या खणात, २५० अंश, १२ ते १५ मिनिटं. बाहेर काढताच कडेने सुरी फिरवा. गार झालं की चीज टिनला धरतं.

डाळपीठ
इटलीतल्या जेनोआची फारिनाता, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाची भाजलेली पातळ पोळी. इटालियन स्थलांतरितांबरोबर ती अर्जेंटिनात फाइना म्हणून गेली, आणि बुएनोस आइरेसमध्ये चीजने ओथंबलेल्या पिझ्झ्याच्या तुकड्यावर तिचा तुकडा ठेवून खातात. हरभऱ्याचं पीठ १५० ग्रॅम, पाणी ४५०, मीठ ५. पाणी थोडं थोडं घाला, गुठळ्या मोडा, किमान ४-५ तास झाकून ठेवा. वर आलेला फेस काढून टाका. मग ५० मिली ऑलिव्ह तेल. तापलेल्या ट्रेमध्ये जेमतेम अर्धा सेंटिमीटर थर, २५० अंशांवर २० मिनिटांच्या आसपास, वरून भरपूर मिरपूड. थर जाड झाला की आत गिच्च राहतं. काबुली चण्याचं पीठ मिळालं तर तेच घ्या, बेसनाचा स्वाद उग्र येतो.

बेकघर
@डाळपीठ, हे आयतं ग्लूटेनमुक्त झालं. उत्तम.

काळ्या_समुद्राकडून
जॉर्जिया देशाच्या आजारा प्रांतातली, होडीच्या आकाराची खाचापुरी, म्हणजे चीज भरलेली रोटी. तिकडे सुलगुनी चीज असतं. इथे मोझरेला दोन भाग, फेटा चीज एक भाग. पनीर नको, ते वितळत नाही. फेटा खारट असल्याने सारणात मीठ घालू नका. पोळीच्या दोन कडा आत गुंडाळून टोकं घट्ट पिळा, सैल राहिली तर भाजताना होडी उघडते. २३० अंशांवर १२ ते १५ मिनिटं. कड सोनेरी झाली की मध्ये खळगा करून अंड्याचा बलक टाका आणि फक्त एक-दीड मिनिट परत आत ठेवा. बाहेर काढल्यावर लोण्याचा तुकडा घालून चमच्याने सगळं एकजीव करायचं, टोकं तोडून त्यात बुडवायची. हे लगेच करा, थांबलात तर चीज आळून रबरासारखं ओढलं जातं.