अनुभव धागा: कुत्र्याच्या अंगाचा वास जाता जात नाही

नमस्कार मंडळी. आमचा टिप्या, लॅब्रॅडॉर, लातूर. अंघोळ घातली की जेमतेम एक दिवस बरा, मग पुन्हा तोच खवट, तेलकट वास. सासूबाईंचं म्हणणं, कुत्र्याला वास यायचाच. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे गाव. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यानं कुत्र्याला सारखं धुणं परवडत नाही आणि जिवावरही येतं. कुठला शांपू चांगला हे नकोय, जाहिराती भरपूर बघून झाल्यात. तुमच्याकडं वास कशामुळं होता आणि काय केल्यावर गेला, ते सांगा.

परभणी, कॉकर स्पॅनियल
शांपू बाजूला ठेवा आणि आधी कुत्रं हुंगा. हसू नका. इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तेच केलं. तोंड, कान, काखा, पंजाच्या बोटांमधल्या बेचक्या, शेपटीखाली, एकेक जागा. आमच्याकडं वासाचं घर कानात निघालं. कापसाच्या बोळ्यावर तपकिरी, चिकट मळ आला, तो काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, तर मॅलासेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी. ही निरोगी कुत्र्याच्या अंगावरही थोडीफार असतेच, पण ओल, तेलकटपणा किंवा अॅलर्जी मिळाली की माजते. लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, म्हणून कॉकर आणि लॅबवाल्यांना हा ताप जास्त.

पंजे आणि पोटही तेलकट होते, त्यासाठी क्लोरहेक्सिडिन २ टक्के आणि मायकोनाझोल २ टक्के असलेला औषधी शांपू दिला. सगळी गोम इथं आहे: फेस करून १० मिनिटं तसाच ठेवायचा. लावला की लगेच धुतला, तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. ती १० मिनिटं कुत्र्याला चाटू द्यायचं नाही, एकानं धरायचं आणि एकानं गप्पा मारायच्या. शेवटी खसखसून कोरडं करायचं. अर्धवट ओलं कुत्रं म्हणजे यीस्टला आमंत्रण.

कानात मनानं काही टाकू नका. पडदा शाबूत आहे का ते डॉक्टर बघतात, मगच थेंब.

नांदेड, पॉमेरेनियन
आमच्याकडं मासळीचा वास, तोही मधूनच भपकन. घरात सगळे शाकाहारी, त्यामुळं पहिल्या दिवशी शेजाऱ्यांवर संशय. पोरगं फरशीवर बूड घासत फिरायचं, आम्हाला वाटलं जंत. निघाल्या गुदद्वाराशेजारच्या दोन ग्रंथी, तुंबलेल्या. डॉक्टरांनी हातमोजा घालून रिकाम्या केल्या, त्या खोलीतला वास सांगत नाही. व्हिडिओ बघून घरी दाबायला जाऊ नका, सूज असली तर ग्रंथी फुटते. शी घट्ट होत असेल तर ग्रंथी आपोआप रिकाम्या होतात, म्हणून आता जेवणात उकडलेला लाल भोपळा असतो.

बीड, शेतावरचं कारवानी
आमचं लई साधं हाय. अंगावर केस बारीक, वास असा येतच नाही. वास आला म्हंजी कुठंतरी मेलेल्या घुशीवर लोळून आलंय. हौदावर नेऊन धुतलं की झालं. पण एक सांगतो. गोचीड झाले की गावात कुणी रॉकेल चोळा म्हणतंय, कुणी फिनेल. आमच्या शेजारच्या वस्तीवर एकानं फिनेल लावलं, कुत्र्याचं कातडं सोलून निघालं आन मग जखमेचाच वास सुटला. गोचिडाचं औषध दवाखान्यातून घ्या, आन गोठ्याच्या भिंतीच्या फटीबी बघा. निम्मे गोचीड तिथंच बसलेले असत्यात.

जालना, देशी, वय झालेलं
अंग धुऊनही वास यायलाय, असं आम्हीही म्हणत होतो. कारण तोंडात होतं. दाढांवर पिवळट-तपकिरी दगडासारखा थर, हिरड्या लाल. हा दिवसभर स्वतःला चाटणार, मग तोंडाचा वास पाठीला, पायाला, सगळीकडं. भूल देऊन दात साफ करावे लागले, वय बघून आधी रक्त तपासलं. आता कुत्र्यांचीच पेस्ट वापरतो. माणसांची नको: फ्लोराइड असतं, काहींत गोडीसाठी घातलेलं झायलिटॉलही, आणि ते कुत्र्याला विषारी.

धाराशिव, डॉबरमन, मादी
इथं सगळे शांपूवर बोलताहेत म्हणून लिहितेय. मादीची नसबंदी झालेली नसेल, माजावर येऊन काही आठवडे झाले असतील, आणि शेपटीखाली घाण वासाचा स्राव दिसला, पाणी खूप प्यायला लागली, खाणं सोडलं, तर अंघोळ घालत बसू नका. तोच दिवस दवाखान्याचा. गर्भाशयात पू होतो, पायोमेट्रा म्हणतात. कधी कधी स्राव बाहेर येतच नाही, ते जास्त धोक्याचं. आमचीची शस्त्रक्रिया वेळेत झाली.

छत्रपती संभाजीनगर, दोन इंडी (देशी)
डेटॉल आणि आपला साबण दोन्ही बंद करा. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ, तिचा पीएच आपल्यासारखा आम्ल नसतो, साधारण उदासीनच्या जवळ. आपल्या साबणानं ती कोरडी पडते, मग खाज, मग ओरखडे, मग आणखी वास. टी ट्री तेल तर अजिबात नको, कुत्र्यांना त्याची विषबाधा होते. रिठ्यानं एखादा दिवस बरं वाटतं, त्यापलीकडं मला तरी काही दिसलं नाही. आणि टिप्याच्या मालकांना प्रश्न: तो झोपतो ती गोधडी कधी धुतली? कुत्रं स्वच्छ आणि गोधडी कुबट, हा प्रकार घरोघरी. गरम पाण्यात धुवा आणि मराठवाड्याचं ऊन फुकट आहे, ते लावा.

हिंगोली, पग
परभणीकरांच्या म्हणण्यात भर. यीस्ट मारली की ती जाते, पण पावसाळ्यात पुन्हा हजर होत असेल, तर मुळाशी अॅलर्जी शोधा. आमच्याकडं खाण्याचा संशय होता. किमान ८ आठवडे फक्त डॉक्टरांनी ठरवून दिलेलं जेवण, बाकी एक घासही नाही, अशी चाचणी असते. घरात सगळ्यांना बजावलं. तरी पगचं खाजवणं थांबेना. शेवटी कळलं की आमचे बाबा रोज सकाळी चहात बुडवून ग्लुकोज बिस्कीट भरवत होते. "बिस्कीट म्हणजे काय खाणं आहे का?" असं त्यांचं म्हणणं. चाचणी पहिल्यापासून पुन्हा सुरू केली आहे, आणि बिस्किटाचा डबा माझ्या कपाटात आहे.